यंत्राची पुनःस्थापना : नित्य की नैमित्तिक?

परंडा, २ एप्रिल १९८७, गुरुवार

या नोंदींतून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे : संगणकाची कार्यप्रणाली दर अमावास्येला पुसून नव्याने बसवावी लागत नाही. ती कधीच बसवावी लागत नाही असे माझे म्हणणे नाही. कारण घडले तर बसवावी, कारण नसता बसवू नये, एवढाच माझा पक्ष आहे.

कार्यप्रणाली म्हणजे काय हे मला गेल्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हते. चालू होताच यंत्राने कसे वागावे हे त्याला सांगणारी एक मूळ आज्ञावली असते. तालुका दूध संघाच्या कचेरीत तिला ‘डॉस’ म्हणतात. ती काळ्या, पातळ, चौकोनी फ्लॉप्यांवरून यंत्रात भरतात. संघाने गेल्या वर्षी हे यंत्र घेतले. यंदा दुष्काळामुळे संघ सभासदांच्या जनावरांना कडबा देतो, आणि कडब्याच्या चिठ्ठ्या याच यंत्रातून निघतात. रविवारी अमावास्या होती. त्या दिवशी यंत्र पुसून डॉस नव्याने बसवला. तेव्हापासून आजपर्यंत एकही चिठ्ठी निघालेली नाही. पाडव्याच्या दिवशी माणसे संघाच्या फाटकाशी रिकाम्या गाड्या घेऊन बसली होती.

मी सोलापूरच्या महाविद्यालयात एकतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर संघाने मला तज्ज्ञ संचालक म्हणून घेतले आहे. मला सभेत बोलता येते, मत देता येत नाही. म्हणून बोलणे तरी नेमके असावे अशी माझी दक्षता असते.

शास्त्रकारांनी कर्मांचे भेद केले आहेत. जे ठरल्या वेळी करायचेच ते नित्य, जे निमित्त घडल्यावर करायचे ते नैमित्तिक. रोजची लिंगपूजा नित्य. पाहुणा आला म्हणून दोन भाकरी जादा टाकणे नैमित्तिक. संघाचे चेअरमन बब्रुवानराव यंत्राची पुनःस्थापना नित्य मानतात. मी नैमित्तिक मानतो. वाद एवढाच आहे.

४ एप्रिल, शनिवार

आज यंत्र प्रत्यक्ष पाहिले. त्याची खोली कचेरीच्या टोकाला आहे. धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढाव्या लागतात. आत कूलर आहे. गावात माणसांना टँकरचे पाणी पाळीने मिळते, कूलरला मात्र पाळी नाही.

यंत्र चालवणाऱ्या कमल बलभीम ओव्हाळ यांना मी प्रथमच भेटलो. वय बावीस-तेवीस. वडील सोनारीच्या शाळेत शिक्षक. घरचे बौद्ध, हे केवळ माहिती म्हणून नोंदवतो. सोलापुरात संगणकाचा अभ्यासक्रम पुरा करून, सेवायोजन कार्यालयाच्या यादीतून त्या गेल्या डिसेंबरात रुजू झाल्या. नेमणूक सहा महिन्यांच्या परीक्षेवर आहे. तीस मेच्या सभेत त्यांना कायम करायचे की घरी पाठवायचे हे ठरेल. त्यांच्यापूर्वी चेअरमनसाहेबांचा पुतण्या मच्छिंद्र यंत्र चालवत असे. दिवाळीनंतर तो पुण्याला गेला.

व्यवस्थापक व्यंकटराव शेजारी उभे होते. पुनःस्थापना तेच करतात.

“अमावास्येला यंत्रात काय बिघडले होते?” मी विचारले.

“बिघडलं काय न्हाय, अप्पा. बिघडू ने म्हणून धुतलं.”

“धुतले?”

“म्हंजी पुसून नवं भरलं. दर म्हैन्याला धुवायचं, नारळ फोडायचा, चेअरमनसायबांनी पैलं बटन दाबायचं, मंग चालू.”

“हे विक्रेत्याने सांगितले आहे का?”

“त्याला काय कळतंय? तो इकून मोकळा झाला.”

कमलबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, “सर, सभासदांची सगळी नावं, जनावरं, दूध, सगळं मी फ्लॉप्यांवर उतरून ठेवलंय. धुतल्यावर त्या घातल्या तर अर्ध्या तासात काम सुरू होईल. घालू देत नाहीत. सगळं हातानं पुन्हा टायपायला लावतात. चार-चार दिवस त्यातच जातात, आणि चिठ्ठ्या उशिरा निघाल्या की नाव माझं.”

“फ्लॉप्या का घालू देत नाही, व्यंकटराव?”

“तिच्या फ्लॉप्यांतनं तेच परत आत येतंय की.”

“तेच म्हणजे काय?”

“आता ते म्या कसं सांगू?” असे म्हणून ते कूलरमधले पाणी पाहायला गेले.

‘तेच’ या शब्दाचा अर्थ त्यांना सांगता आला नाही. ज्याची व्याख्या करता येत नाही ते कारण म्हणून मांडता येत नाही. विरुद्ध पक्ष माझ्या अपेक्षेपेक्षा दुबळा आहे.

७ एप्रिल, मंगळवार

रात्रीच्या जेवणाआधी हा सारा वाद पत्नीला, रुद्रम्माला, समजावून सांगितला. ती ज्वारी निवडत होती.

“मच्छिंद्र बसायचा तवा धूत हुते का?” तिने विचारले.

“नाही.”

“मंग?”

“मग काय? तेव्हा यंत्र नवे होते.”

“बरं,” ती म्हणाली आणि सूप पाखडू लागली. मी तिला सांगितले की यंत्र किती वेळा पुसावे हा प्रश्न आहे, त्यापुढे कोण बसते हा नाही. “अहो, तुमाला सांगून काय फायदा!” असे ती म्हणाली. स्त्रीच्या बोलण्यात अनुभव असतो, पण अवांतरही फार असते. हे मी तिला ऐकवले नाही.

१२ एप्रिल, रविवार

बब्रुवानरावांच्या मळ्यावर गेलो. विहीर कोरडी पडली असली तरी पाहुणचारात त्यांनी कमी केले नाही.

“अप्पा, ट्रॅक्टरचं ऑइल बदलायचं का न्हाय? तास भरले की बदलायचंच. इंजन बसायची वाट बघतंय का कोण?”

“ऑइल काळे पडते, पातळ होते. आज्ञावली शंभरदा वाचली तरी तिच्यातले अक्षर झिजत नाही. पोथी वाचून शब्द कमी होतात का?”

“पान फाटतंय की.”

“फाटले की नवे लावावे. अमावास्या आली म्हणून फाडू नये.”

ते मोठ्याने हसले. “तुमच्याशी बोलून जिंकल्याला माणूस या तालुक्यात न्हाय. बरं, तुमचंच खरं करू. ही अमावास्या आन् पुढची अमावास्या, दोन्ही टायमाला धुवायचं न्हाय. बघू मशीन चालतंय का. मंग तुमी रिपोर्ट लिहा.”

मी आभार मानले.

“फक्त एक करा, अप्पा. रिपोर्टात समदं घाला. कोण बसत हुतं, कवा-कवा धुतलं, समदं तक्त्यात. संचालकांना लिवल्यालं कळत न्हाय, तक्ता कळतोय.”

ही सूचना मला रास्त वाटली. विरोधक जेव्हा स्वतःहून पूर्ण पुरावा मागतो तेव्हा त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेऊ नये.

१५ एप्रिल, बुधवार

काल आंबेडकर जयंती. कमलबाई रजेवर होत्या, म्हणून व्यंकटराव स्वतः यंत्रापुढे बसले. बसण्याआधी त्यांनी कळफलकाची एकेक कळ स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, मग खुर्चीवर घरून आणलेला टॉवेल अंथरला. स्वभावाने मोठा स्वच्छ गृहस्थ आहे. दिवसभर यंत्र सुरळीत चालले.

२८ एप्रिल, मंगळवार, अमावास्या

सकाळी मी स्वतः हजर राहिलो. कमलबाईंनी कळ दाबली, यंत्र घरघरले, पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली. दुपारपर्यंत कडब्याच्या सगळ्या चिठ्ठ्या निघाल्या. व्यंकटराव सवयीने नारळ घेऊन आले होते. तो हातात धरून ते बराच वेळ दारात घुटमळले.

“फोडा की,” कमलबाई म्हणाल्या. “यंत्रासाठी नको. खायला.”

त्यांनी नारळ परत पिशवीत घातला.

“सर, तुम्ही बसून बघा,” कमलबाई खुर्चीतून उठल्या. “एक चिठ्ठी काढून बघा.”

मी नको म्हणालो. सिद्धान्त पडताळण्यासाठी कळा दाबण्याची आवश्यकता नसते.

१८ मे, सोमवार

अहवाल पुरा झाला. मांडणी कसोशीने केली आहे. प्रतिज्ञा, हेतू, दृष्टान्त, शंका, समाधान. सुरुवातीला बब्रुवानरावांनी सुचवलेला तक्ता. त्याच्या पहिल्या रकान्यात यंत्र चालवणाऱ्याचे नाव, दुसऱ्यात काळ, तिसऱ्यात पुनःस्थापनांची संख्या. मच्छिंद्रच्या नावापुढे शून्य. कमलबाईंच्या नावापुढे डिसेंबर ते मार्च दर अमावास्येला एक. त्यानंतर पुन्हा शून्य, कारण आपण थांबवले.

संध्याकाळी कमलबाई अहवालाची टंकलिखित प्रत घेऊन घरी आल्या. आमच्या ओसरीवर एकच खुर्ची असते, त्यामुळे त्या उभ्याच राहिल्या.

“सर, हा पहिला तक्ता काढा.”

“त्यात काही खोटे आहे का?”

“खोटं काही नाही.”

“मग?”

“त्यांच्या हातात द्यायला नको.”

“कमलबाई, जो युक्तिवाद एखादे सत्य लपवून उभा राहतो तो युक्तिवादच नव्हे. मी एकतीस वर्षे मुलांना हेच शिकवले.”

“तुम्ही मुलांना शिकवलंत, सर. बब्रुवानरावांना नाही.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. परीक्षेवरच्या माणसाला भीती वाटणे स्वाभाविक आहे, परंतु भीती हा तर्कातला हेतू नव्हे. तक्ता मी ठेवला.

२७ मे, बुधवार, अमावास्या

दुसरी अमावास्याही गेली. यंत्र चालते आहे. सिद्ध.

३० मे, शनिवार

सभेत जे झाले ते क्रमाने लिहितो, कारण ते अजून माझ्या मनात क्रमाने लागलेले नाही.

बब्रुवानरावांनी माझा अहवाल हातात घेतला आणि तक्त्याखेरीज एकही पान उलटले नाही.

“अप्पांनी दोन म्हैने मेहनत घेतली. त्यांचं म्हणणं, अमावास्येचा आन् मशीनचा संबंध न्हाय. बराबर हाय. म्या मानतो. माजी चूक झाली.” त्यांनी संचालकांकडे पाहिले. “मंग अमावास्या कारण न्हाय तर कारण काय? बघा तक्त्यात. मच्छिंद्र बसला, शून्य. ही बाई बसली, म्हैन्याला एक. हे म्या न्हाय म्हणत. हे अप्पांच्या अक्षरात हाय.”

कोणी तरी “खरंय” म्हणाले.

“अमावास्या बंद. आन् कारणबी बंद. बाईला कायम करू ने, असा ठराव मांडतो.”

मी उठलो. म्हणालो, “एप्रिल-मेमध्येही कमलबाईच बसत होत्या. तिथे शून्य आहे.”

“तिथं शून्य कसं काय आलं, अप्पा? तुमी धुवू दिलं न्हाय म्हणून. धुतलं असतं तर तिथंबी एक पडला असता.”

सगळे हसले. एकतीस वर्षांत भर वर्गात असे कधी झाले नव्हते. मी उत्तरासाठी आठवडा मागितला. “घ्या की, अप्पा, आमाला काय घाई!” असे म्हणून त्यांनी ठराव सहा जूनवर ढकलला.

कमलबाई कोपऱ्यात टंकलेखन यंत्रापुढे इतिवृत्त घेत होत्या. स्वतःला काढण्याचा ठरावही त्यांनी एक अक्षर न चुकता टंकला.

१ जून, सोमवार

काल दिवसभर त्यांच्या एका वाक्याभोवती फिरत राहिलो. धुवू दिले नाही म्हणून शून्य. हे खरे आहे. पण हे खरे असेल तर त्या आधीचे एक-एक कशाने आले? धुतले म्हणून. यंत्र बिघडले म्हणून नव्हे. म्हणजे माझ्या तक्त्यातला तिसरा रकाना यंत्राचे वर्तन मोजतच नव्हता. तो व्यंकटरावांची इच्छा मोजत होता. मी उपचारांची यादी केली आणि तिला रोगांची यादी समजलो. पहिल्या वर्षाच्या मुलाने हे केले असते तर मी त्याला बाकावर उभे केले असते.

हे हाती लागताच मी कमलबाईंना निरोप धाडणार होतो, तोच त्या आल्या. नमस्कार केला नाही.

“सिद्ध केलंत, सर. मशीन चांगलं हाय. म्या वाईट हाय.” त्या आजवर माझ्याशी अशा बोलीत कधी बोलल्या नव्हत्या.

मी त्यांना माझा शोध सांगितला : प्रश्न यंत्र का बिघडते हा नसून, न बिघडलेले यंत्र व्यंकटरावांना का पुसावेसे वाटते हा आहे.

“हे तुम्हाला आत्ता कळलं?”

“होय. उत्तर अजून मिळालेले नाही.”

“उत्तर!” त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तो माझा आरोप होईल. व्यंकटरावांना विचारा. भर सभेत विचारा. पण नुसतं एकदा विचारून थांबू नका. तुमच्या त्या पद्धतीनं विचारा, एकेक महिना घेऊन.”

तेवढ्यात रुद्रम्मा आतून खुर्ची घेऊन आली आणि ओसरीवर माझ्या खुर्चीसमोर ठेवली. “बस गं. किती येळ हुबी ऱ्हाशील?” कमलबाई क्षणभर थांबल्या, मग बसल्या. चहा झाला. आमच्या घरात दुसरी खुर्ची नेहमीच होती. ती बाहेर आणायचे मला सुचले नव्हते, इतकेच.

६ जून, शनिवार

आज सगळे संचालक हजर होते. महिला प्रतिनिधी मथुराबाईही आल्या होत्या. एरवी त्या सही करून लगेच गाडी गाठतात. मी तक्त्याविषयी एक शब्द न बोलता व्यंकटरावांना आत बोलवण्याची विनंती केली.

“व्यंकटराव, डिसेंबरात धुतले तेव्हा यंत्र चालू होते की बंद पडले होते?”

“चालू हुतं.”

“जानेवारीत?”

“चालूच हुतं.”

“फेब्रुवारीत?”

“अप्पा, मशीन चांगलं हाय. कवाच बंद पडलं न्हाय.”

“मार्चमध्येही?”

“न्हाय म्हटलं की.”

“मच्छिंद्र असताना?”

“तवाबी चालूच.”

“मग मच्छिंद्र असताना धुतले नाही आणि नंतर धुतले. यंत्र दोन्ही वेळा सारखेच. फरक कशात होता?”

त्यांनी चेअरमनकडे पाहिले. चेअरमन पंख्याकडे पाहत होते. पंखा वीज नसल्याने बंद होता.

“उगं काय तेच तेच इचारता!” व्यंकटराव चिडले. “बिघडलं नव्हतं. शिवल्यालं हुतं. म्हैनाभर ती शिवती, म्हैन्याला म्या धुतो. तुमच्या घरी न्हाय का करत? लोकं तोंडानं बोलत न्हायत एवढंच—”

ते एकदम थांबले.

मी पुढचा प्रश्न तयार ठेवला होता. तो विचारण्याची आता गरज उरली नव्हती. ‘तेच’ या शब्दाची व्याख्या मला मिळाली होती. ती चार एप्रिललाही माझ्यासमोरच उभी होती.

टंकलेखन यंत्राचा आवाज बंद झाला. कमलबाई म्हणाल्या, “व्यंकटराव, ‘शिवल्यालं हुतं’ इथपर्यंत आलंय. पुढचं पुन्हा सांगा.”

“ए, ते लिवायचं नसतंय!” बब्रुवानराव म्हणाले.

“सभेत बोललेलं लिहायचं असतं, साहेब.”

“कर्मचाऱ्यानं सभेत बोलायचं नसतंय.”

“त्या बोलत नाहीत,” मी म्हणालो. “त्या आपले काम करीत आहेत. वाक्य इतिवृत्तात जाईल. गाळले तर माझा लेखी आक्षेप त्याच वाक्यासह जाईल, म्हणजे ते दोनदा येईल.”

मथुराबाईंनी पदर सावरला. “व्यंकट, तुज्या मशीनला इटाळ व्हतोय व्हय रे? आमची म्हस त्या पोरीच्या हातच्या चिठ्ठीवर कडबा खाती. रोज रवंथ करती बसून. अजून काय वकली न्हाय.”

तिघे-चौघे हसले. व्यंकटराव हसले नाहीत. पायांकडे पाहत राहिले.

बब्रुवानरावांनी आवाज मऊ केला. “हे बघा, घरातली गोष्ट घरात ऱ्हावी. व्यंकटची जीभ घसरली. ते वाक्य काढू. बाईला आजपासनं कायम करू. समदं एकमतानं. काय गं, पोरी?”

मला हा तोडगा वाईट वाटला नाही. त्यांची नोकरी हाच तर खरा प्रश्न होता, आणि ती समोर ठेवलेली होती. मी कमलबाईंकडे पाहिले. त्यांनी कागद यंत्रातून ओढून काढला नाही, फक्त वर सरकवला. वाक्य सर्वांना दिसावे म्हणून.

“वाक्य राहू द्या,” त्या म्हणाल्या. “मग मत घ्या.”

“पोरी, मत फिरलं तर घरी जाशील.”

“जाईन. कागद इथं राहील.”

कमलबाईंना कायम करण्यावर मतदान झाले. बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडे सारखेच हात. मला मत नाही. सारखी मते पडली की निर्णय चेअरमनचा. बब्रुवानरावांनी कागद मागून घेतला आणि वाचला. वाचायला फार वेळ लागावा इतके त्यात नव्हते, पण त्यांनी वेळ घेतला.

“ह्याची नक्कल कुठं-कुठं जाती?”

“उपनिबंधकांकडं,” कमलबाई म्हणाल्या. “आणि सभासदानं मागितली तर त्याला.”

“मागती म्या,” मथुराबाई म्हणाल्या. “आमच्या गावात वाचून दावायची हाय.”

या कागदाखाली विरुद्ध मत नोंदवायचे म्हणजे त्या वाक्याखाली स्वतःची सही करायची, हे बब्रुवानरावांना कळले. माझ्या अहवालाची इतर पाने त्यांनी वाचली नव्हती. हे एक पान मात्र नीट वाचले. त्यांनी हात वर केला. बाजूने.

ठराव : कमल बलभीम ओव्हाळ यांस कायम करण्यात येते. डॉसच्या फ्लॉप्या त्यांच्या ताब्यात राहतील. यंत्र प्रत्यक्ष बंद पडल्याशिवाय पुनःस्थापना होणार नाही, आणि झाल्यास काय बंद पडले ते त्या लिहितील.

२२ जून, सोमवार

सकाळी वीज आली ती एवढ्या जोरात की कचेरीतले दोन दिवे फुटले. स्टॅबिलायझरमधून धूर निघाला. पुढे यंत्र चालू केले तर पडद्यावर एकच ओळ. कमलबाई म्हणाल्या, “डॉस गेला.”

अर्ध्या तासात ही बातमी बाजारपेठेत पोचली. बघा, धुतले नाही म्हणून गेले, असे म्हणणारेही निघाले. बब्रुवानरावांचा गडी विचारायला आला, नारळ आणू का. कमलबाईंनी त्याला स्टॅबिलायझर आणायला सोलापूरच्या गाडीला बसवले, आणि तोवर गिरणीतला उसना लावला. मग दाराला कडी न लावता, सर्वांसमोर फ्लॉपी घातली, यंत्र पुसले, डॉस बसवला, आणि स्वतःच्या फ्लॉप्यांवरून सगळे सभासद, सगळी जनावरे पुन्हा आत घेतली. पहिली कळ त्यांनी कोणाला दाबू दिली नाही. कोणी मागितलीही नाही. व्यंकटराव चपला काढून उंबऱ्याबाहेर उभे होते. आत आले नाहीत, गेलेही नाहीत.

दुपारी चिठ्ठ्या निघाल्या. पाऊस लांबल्याने फाटकाशी गर्दी होती. संध्याकाळपर्यंत ती पांगली.

मी विचारले, “आता पुन्हा केव्हा बसवावा लागेल?”

“उद्या, नाहीतर कधीच नाही,” त्या म्हणाल्या. “बिघडेल तेव्हा.”

माझे प्रमेय त्यांनी माझ्यापेक्षा कमी शब्दांत मांडले.

२७ जून, शनिवार

संघाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा कमलबाईंना टंकायला दिला होता. त्यात ‘कमलबाईंना न्याय मिळवून देताना माझ्याकडून एक चूक घडली’ असे वाक्य होते. त्यांनी त्यावर शाईने रेघ ओढली.

“न्याय मी घेतलाय, सर. तुम्ही चूक तेवढी लिहा.”

मी वाद घातला नाही. घालण्यासारखे काही सापडले नाही. त्यांनी दुरुस्त केलेला मजकूर असा :

‘मी, खाली सही करणारा, माझ्या १८ मेच्या अहवालातील पहिला तक्ता मागे घेतो. यंत्र चार वेळा पुसले गेले, म्हणून ते चार वेळा बिघडले असे त्यातून दिसते. ते एकदाही बिघडले नव्हते. उपचार झाला एवढ्यावरून मी रोग मानला, आणि रोगाच्या शेजारच्या रकान्यात कमल बलभीम ओव्हाळ यांचे नाव माझ्या हाताने लिहिले. अहवाल सादर होण्यापूर्वी त्यांनी तो तक्ता काढण्यास सांगितले होते. मी ती भीती समजलो. ती माहिती होती, आणि ती मला त्यांच्यापूर्वी माझ्या घरातही सांगण्यात आली होती.

ही एक चूक मी मान्य करतो. अहवालातील बाकीचे एक अक्षरही मागे घेत नाही. कारण नसता यंत्र पुसू नये. ज्यांना ते पुन्हा पुसावेसे वाटेल त्यांनी कारण तोंडाने सांगावे. ते इतिवृत्तात लिहून घेण्यास संघात आता कायम माणूस आहे.

माणिकप्पा शिवलिंगप्पा हत्तरगे
तज्ज्ञ संचालक, परंडा’